लादलेली खूण, निवडलेली खूण : चित्र, रंग आणि अक्षर यांतून ओळख कशी घडते?



१४ एप्रिल असो, २० डिसेंबर असो की २६ जानेवारी, आपल्या शाळांमध्ये चित्रं, फलक, घोषवाक्यं यांची तयारी असतेच. पोरं रंग मागतात, आपण फोटो शोधतो, फ्लेक्सवाल्याला फोन करतो. कार्यक्रम छान होतो. पण त्या फलकावरचा निळा रंगच का, ते चक्र कुठून आलं, गाडगेबाबांच्या हातात खराटाच का, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. आजचा पाठ त्याबद्दल आहे. इयत्ता चौथी ते सातवीपर्यंत घेता येईल असा आहे. मराठी, परिसर अभ्यास, इतिहास आणि कला या चारही विषयांना तो जोडता येतो.

ग्राफिक डिझाइन म्हटलं की आपल्याला संगणक आठवतो. पण ग्राफिक डिझाइन म्हणजे साध्या शब्दांत काय? अक्षर, रंग, आकृती आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी, की पाहणाऱ्याला न बोलता काहीतरी सांगितलं जाईल. एसटीच्या पाटीपासून टपाल तिकिटापर्यंत सगळं यात येतं. आणि एखाद्या समाजाला जेव्हा 'आम्ही कोण' हे सांगायचं असतं, तेव्हा तो भाषणाइतकाच या मांडणीचा आधार घेतो.

१. आधी एक साधी गोष्ट : खूण कोणी लावली?

वर्गात एक प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. एखादं पोट्टं दुसऱ्याच्या पाठीवर गुपचूप कागद चिकटवतं. त्यावर काहीतरी लिहिलेलं असतं. ज्याच्या पाठीवर कागद आहे त्याला ते वाचता येत नाही, बाकी सगळे वाचतात आणि हसतात.

आता दुसरी गोष्ट. जूनमध्ये नवी वही मिळाली की मूल पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहितं. अक्षर वळणदार काढतं, खाली रेघ मारतं, बाजूला फूल काढतं.

दोन्ही ठिकाणी कागद आहे, अक्षर आहे, ओळख आहे. फरक एवढाच की पहिली ओळख दुसऱ्यानं लादली आणि दुसरी स्वतः निवडली. लादलेली खूण आणि निवडलेली खूण हे दोन शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचा सगळा पाठ या दोन शब्दांवर उभा आहे.

२. लादलेल्या खुणा : काळा दोरा, गाडगं आणि झाडू

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं ते भाषण होतं. ते भाषण देऊ दिलं गेलं नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी पेशवाईतल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिलं आहे. अस्पृश्यानं ओळखू यावं म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात कमरेला झाडू लटकवायचा, म्हणजे चालताना त्याची पावलं मागच्या मागे पुसली जातील. आणि गळ्यात मडकं अडकवायचं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडणार नाही.

मुलांना हे सांगताना घाई करू नका. थोडं थांबा. मग विचारा, "हा दोरा, हे मडकं, हा झाडू या वस्तू वाईट आहेत का?" मुलं म्हणतील, नाही. झाडू घरोघरी आहे. मडक्यात आपण पाणी पितो. मग वाईट काय आहे? वस्तू वाईट नाही, तिच्यातून जो अर्थ काढायला लावला तो वाईट आहे. माणूस दिसायच्या आधी खूण दिसावी आणि खूण दिसली की लोकांनी दूर व्हावं, अशी ती व्यवस्था होती. डिझाइनच्या भाषेत सांगायचं तर ही एक फार परिणामकारक चिन्हव्यवस्था होती. एक शब्द न लिहिता ती प्रत्येकाला सांगत होती की कोण कुठं उभा राहील.

नागपूरला जन्मलेले चित्रकार सवी सावरकर यांनी आपल्या छापचित्रांतून हाच विषय हाताळला आहे. गळ्यात मडकं आणि सोबत झाडू असलेला माणूस त्यांच्या चित्रांत येतो. जी खूण माणसाला गप्प करण्यासाठी होती, तीच खूण कागदावर उतरवून त्यांनी ती साक्षीला उभी केली.

३. तोच झाडू, तेच गाडगं, पण अर्थ वेगळा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. २३ फेब्रुवारी १८७६ ला तिथं परीट समाजातल्या कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला.

बाबांचं चित्र आपल्या प्रत्येक शाळेत आहे. ते नीट बघा, अगदी डिझाइन वाचल्यासारखं बघा. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा. आणि मातीचं गाडगं, जे जेवताना ताट व्हायचं आणि चालताना डोक्यावर टोपीसारखं बसायचं. यातली एकही वस्तू दुकानातून विकत घेतलेली नाही. सगळ्या टाकून दिलेल्या वस्तू आहेत.

मागच्या भागात जे मडकं आणि जो झाडू आपण पाहिला, तो इथं परत आला आहे. पण इथं तो कोणी लादलेला नाही. बाबांनी तो स्वतः हातात घेतला. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची, असा त्यांचा क्रम. तिकडे झाडू माणसाची पावलं पुसायला होता, इकडे गावाची घाण काढायला आला. तिकडे मडकं माणसाला वेगळं पाडत होतं, इकडे त्याच मडक्यात कोणाच्याही घरची भाकर पडत होती.

नाव कसं पडलं तेही पाहा. वस्तूवरून नाव पडलं : गाडगे. म्हणजे चिन्ह आणि माणूस एक झाले. आज डोळे मिटून नुसता खराटा आणि गाडगं काढलं तरी विदर्भातलं लहान पोर सांगतं, "हे गाडगेबाबा." चेहरा काढायची गरजच पडत नाही. चांगल्या बोधचिन्हाची हीच कसोटी असते. राज्य शासनानं २०००-०१ पासून ग्राम स्वच्छता अभियान राबवलं, त्याला बाबांचंच नाव दिलं. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे.

बाबा स्वतः शाळा शिकले नव्हते, पण जेवायचं ताट मोडा आणि पोरांना शिकवा, असा त्यांचा आग्रह असायचा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ गाडगेबाबा गेले. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. शक्य असेल त्यांनी मुलांना तिथं नक्की न्यावं.

४. अक्षरांतून ओळख : वृत्तपत्रांची पाच नावं

आता चित्राकडून अक्षराकडे जाऊ. बाबासाहेबांनी सुरू केलेल्या किंवा त्यांच्या प्रेरणेनं निघालेल्या पत्रांची नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा :

मूकनायक (३१ जानेवारी १९२०)
बहिष्कृत भारत (३ एप्रिल १९२७)
समता (१९२८)
जनता (१९३०)
प्रबुद्ध भारत (१९५६)

ही यादी पाठ करायला देऊ नका, वाचायला द्या. वृत्तपत्राचं नाव ही पहिल्या पानावरची सगळ्यात मोठी अक्षरं असतात. ती पाटीच असते. पाटीवर काय लिहायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात ओळख.

'मूकनायक' म्हणजे ज्यांना बोलू दिलं नाही त्यांचा नायक. छत्रपती शाहू महाराजांनी या पत्रासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवलं आहे. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा नसेल तर आपलं पान आपणच काढायचं, ही त्यामागची गोष्ट. आणि त्या पानाच्या माथ्यावर त्यांनी संत तुकारामांच्या अभंगातल्या ओळी छापल्या. 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या. म्हणजे पान उघडताच वाचणाऱ्याला कळत होतं की ही माणसं परकी नाहीत. ज्या संतांना तुम्ही मानता तेच आमचेही आहेत.

आता 'बहिष्कृत भारत' या नावाकडे बघा. 'बहिष्कृत' ही लादलेली खूण होती. बाबासाहेबांनी ती लपवली नाही. उलट 'भारत' या शब्दाला चिकटवून पहिल्या पानावर ठळक छापली. जणू विचारलं, हा बाहेर टाकलेला माणूस भारत नाही का?

त्याच वर्षी, १९२७ च्या नोव्हेंबरात, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाड प्रांतातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश हा तिच्यापुढचा प्रश्न होता आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. त्याआधी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं झालं होतं. आपल्या मुलांना अंबादेवीचा रस्ता माहीत असतो. त्या रस्त्यावर कोणे एके काळी कोणाला थांबावं लागत होतं, हेही त्यांना माहीत असलं पाहिजे.

मग शेवटचं नाव : 'प्रबुद्ध भारत'. १९५६ मध्ये 'जनता'चंच हे नाव झालं. १९२७ चं नाव आणि १९५६ चं नाव शेजारी शेजारी लिहा. बहिष्कृत भारत. प्रबुद्ध भारत. 'भारत' तसाच राहिला, फक्त त्याच्या आधीचा शब्द बदलला. तेवढा एक शब्द बदलायला एकोणतीस वर्षं लागली.

५. रंग, चक्र आणि कोट

आता रंगपेटी उघडू.

*निळा.* १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. तिचा झेंडा निळा होता. निळाच का, याचं उत्तर लोक आपापल्या परीनं देतात. आकाश निळं आहे आणि ते कोणाच्याही डोक्यावर सारखंच असतं, हा अर्थ आपल्याकडे खूप सांगितला जातो. मुलांना तो पटकन समजतो. आज वस्तीच्या कमानीवर, घराच्या दारावर, ऑटोच्या काचेवर हा रंग दिसला की काही वाचायची गरज राहत नाही.

*चक्र.* चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र सारनाथच्या स्तंभावरून आलं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर हे चक्र आलं, तेही गडद निळ्या रंगात. पुढं आंबेडकरी समाजाच्या निळ्या झेंड्यावर हेच चक्र दिसू लागलं. यातली एक बाब मुलांच्या लक्षात आणून द्या. या समाजानं आपल्यासाठी जे चिन्ह निवडलं ते देशाच्या ध्वजावरचंच निवडलं. म्हणजे ओळख वेगळी सांगितली, पण 'आम्ही वेगळे' असं नाही सांगितलं. 'हा देश आमचाही आहे' असं सांगितलं.

*पांढरा आणि पंचरंगी.* १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेसाठी लोक पांढरी वस्त्रं घालून आले. लाखो माणसं एका रंगात. कोण कुठल्या गावचा, कोण किती गरीब, हे कपड्यांवरून ओळखू येऊ नये. काळ्या दोऱ्याच्या बरोबर उलटी गोष्ट. पुढं पंचशील ध्वजही घराघरांवर आला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे त्याचे पट्टे. हा ध्वज १८८५ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तयार झाला आणि आज जगभरचे बौद्ध तो वापरतात. गावातल्या घरावर तो लागला की ते घर जगाशी जोडलं जातं. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून प्रेरणा घेऊन बांधला. तो घुमट आता कॅलेंडरवर, बिल्ल्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर रेषेत काढला जातो. दोन रेघांत सगळ्यांना ओळखू येतो.

*कोट, चष्मा, पेन आणि पुस्तक.* बाबासाहेबांचे जे फोटो आपण पाहतो ते बहुतेक सगळे काळे-पांढरे आहेत. मग कोट निळा कोणी केला? पेंटरांनी, मूर्तिकारांनी, कॅलेंडरवाल्यांनी आणि ते चित्र घरात लावणाऱ्या लोकांनी. कुठल्या कार्यालयातून आदेश निघाला नव्हता. लोकांनी मिळून एक डिझाइन पक्कं केलं. १४ एप्रिल १९६६ ला त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. २ एप्रिल १९६७ ला संसदेच्या आवारात बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताचं बोट समोर, ही मुद्रा गावोगाव पोचली. अमरावतीचा इर्विन चौक किंवा अकोल्याची अशोक वाटिका इथं १४ एप्रिलला उभं राहून बघितलं तर एवढ्या गर्दीतही हीच तीन-चार चिन्हं हजार रूपांत दिसतात.

कोट का महत्त्वाचा, हे मुलांना विचारा. ज्यांना चांगलं कापड घालायची मनाई होती, त्यांच्यातल्या माणसानं नीट शिवलेला कोट घातला आणि खिशाला पेन लावलं. त्या कोटात एक अख्खं उत्तर आहे.

*जय भीम.* हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. फक्त चार अक्षरं. पण रंगवणाऱ्यांनी त्यांच्यावर किती काम केलंय ते बघा. कुठं 'भी'ची वेलांटी पेनाच्या निबासारखी होते, कुठं अक्षरांमागे उगवतं चक्र येतं. ही सगळी आपल्या गावातल्या पेंटरांची अक्षरकला आहे.

६. लांबचं एक उदाहरण : पॅलेस्टाईन

अशी ओळख घडवणारा समाज जगात एकच नाही. मुलांना नकाशावर भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा दाखवा. तिथले पॅलेस्टिनी लोक. १९४८ च्या युद्धात त्यांच्यातल्या सुमारे सात लाख लोकांना घर सोडावं लागलं. त्या प्रदेशाचा राजकीय वाद मोठा आहे आणि तो या पाठाचा विषय नाही. आपण फक्त एक पाहू : गाव हातातून गेलं तर ओळख कशात ठेवायची?

त्यांनी ती *किल्लीत* ठेवली. सोडून आलेल्या घराची किल्ली अनेक कुटुंबांनी जपली आणि ती भित्तिचित्रांत, फलकांवर आली. त्यांनी ती *भरतकामात* ठेवली. 'तत्रीझ' नावाच्या या भरतकामात भागाभागाचे नमुने वेगळे असायचे. बाईच्या झग्यावरून ती कुठल्या भागातली हे जाणकाराला सांगता यायचं. २०२१ मध्ये युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांनी ती *टरबुजात* ठेवली. १९६७ नंतर व्यापलेल्या भागांत पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी होती. त्या झेंड्याचे रंग लाल, हिरवा, पांढरा, काळा. कापलेल्या टरबुजात हे चारही रंग असतात. मग चित्रकारांनी टरबूज काढलं! फळाला कोण अटक करणार?

आणि त्यांनी ती एका *मुलात* ठेवली. नाजी अल-अली या व्यंगचित्रकारानं १९६९ मध्ये हंधाला नावाचं एक पोर काढलं. वय दहा. पाय अनवाणी, कपड्यांना ठिगळं, हात मागे बांधलेले आणि पाठ आपल्याकडे. तोंड दिसतच नाही. नाजी अल-अली स्वतः दहाव्या वर्षी गावातून बाहेर पडले होते. हे पोर गावी परत जाईपर्यंत मोठं होणार नाही, असं ते म्हणत. हंधाला हे नाव एका कडू वनस्पतीवरून आलं. आपल्याकडे तिला कडू इंद्रावण म्हणतात. वरून कापली तरी ती पुन्हा फुटते. १९८७ मध्ये लंडनमध्ये नाजी अल-अली यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यात ते गेले. हंधाला मात्र आजही भिंतींवर उभा आहे.

चिंध्यांचा अंगरखा आणि ठिगळांचे कपडे. गाडगं आणि किल्ली. निळा कोट आणि टरबूज. दोन्ही समाज वेगळे, त्यांचे प्रश्न वेगळे, तुलना ओढूनताणून करायची नाही. पण रीत एकच दिसते. साधी, हाताशी असलेली, गरिबालाही काढता येईल अशी वस्तू घ्यायची आणि तिच्यात आपला अर्थ भरायचा.

७. वर्गात कसं घ्यायचं? (तीन तासिका)

पहिली तासिका : *चिन्ह वाचन.* गाडगेबाबांचं एक चित्र आणि बाबासाहेबांचं एक चित्र भिंतीवर लावा. मुलांनी फक्त दिसणाऱ्या वस्तूंची यादी करायची. मग प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न :

१. ही वस्तू कोणी निवडली?
२. ती पाहून लोकांनी काय समजावं असं त्याला वाटत असेल?
३. ही वस्तू चित्रातून काढून टाकली तर काय हरवेल?

दुसरी तासिका : *नावाची पाटी.* पाच वृत्तपत्रांची नावं वाचून झाल्यावर गटानं आपल्या वर्गाच्या भित्तिपत्रकाला नाव द्यायचं. अक्षरं हातानंच काढायची. संगणकातला तयार फॉन्ट नको. अक्षराला काय जोडलं आणि का, हे दोन वाक्यांत सांगायचं. वऱ्हाडीतलं नाव दिलं तर आणखी छान.

तिसरी तासिका : *गावाचं चिन्ह.* गावातल्या एका वस्तूतून गावाची ओळख दाखवायची. रंग जास्तीत जास्त दोन. रेघा इतक्या कमी की पहिलीतल्या पोरालाही पाहून काढता आलं पाहिजे. कापसाचं बोंड, संत्रा, केळीचं पान, विहिरीचा रहाट, तुरीची शेंग, जे सुचेल ते. मेळघाटातल्या शाळांनी कोरकू घरांतल्या वस्तू आणि नक्षी मुलांकडूनच समजून घ्यावी, आपण सांगू नये.

८. हा पाठ घेताना तीन काळज्या

*पहिली.* "आपापल्या समाजाचं चिन्ह काढा" असा उपक्रम कृपा करून देऊ नका. हेतू चांगला असला तरी वर्गात जातीचे गट पडतात आणि एखादं लेकरू वही झाकून बसतं. गावाचं चिन्ह, वर्गाचं चिन्ह, स्वतःच्या आवडीचं चिन्ह द्या. कोणी आपणहून चक्र काढलं, कोणी भगवा काढला, कोणी चंद्र काढला, तर त्याला तेवढ्याच मायेनं विचारा, "का काढलं, सांग बरं."

*दुसरी.* शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना काही वर्गांत अजूनही प्रवर्गाचं नाव घेऊन मुलांना उभं केलं जातं. माहिती तर भरावीच लागते. पण ती सगळ्यांसमोर ओरडून विचारणं म्हणजे पाठीवर कागद चिकटवणंच आहे. तोच काळा दोरा आहे, फक्त दिसत नाही. हे काम कार्यालयात, पालकांना बोलावून, हळू आवाजात होऊ शकतं. हा पाठ शिकवणाऱ्यानं तरी एवढं पाळलंच पाहिजे. नाहीतर फळ्यावर लिहिलेल्या दोन शब्दांना काय किंमत राहिली?

*तिसरी.* निवडलेली खूणसुद्धा पोकळ होऊ शकते. आजचे फ्लेक्स बघा. महापुरुषाचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे वीस चेहरे मोठे! पुतळ्याच्या हातातलं पुस्तक सगळ्यांना दिसतं, पण ते उघडून किती जणांनी पाहिलं? खराटा हातात घेऊन फोटो काढला, पण आवार झाडलं का? वरच्या वर्गातल्या मुलांना हे प्रश्न जरूर विचारा. ती आपल्यापेक्षा खरी उत्तरं देतात.

९. थोडक्यात

• ओळखीची खूण लादलेली असते किंवा निवडलेली असते.
• वस्तू तीच राहते, ती कोण आणि कशासाठी हाती घेतो त्यावरून अर्थ बदलतो.
• अक्षर, रंग, आकृती यांतून समाज स्वतःला मांडतो. ते काम मोठ्या कलावंतांइतकंच गावातले पेंटर आणि साधी माणसं करतात.
• चिन्ह वाचता आलं तर दुसऱ्याच्या चिन्हाची भीती वाटत नाही आणि आपल्या चिन्हाचा नुसता गर्वही राहत नाही.

स्वाध्याय

१. 'बहिष्कृत भारत' आणि 'प्रबुद्ध भारत' या दोन नावांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं? पाच ओळींत लिहा.
२. गाडगेबाबांचं चित्र चेहरा न काढता काढा. शेजाऱ्याला ओळखता येतं का पाहा.
३. घरातल्या किंवा गावातल्या एका जुन्या खुणेबद्दल आजीआजोबांना विचारा. ती कोणी ठरवली होती?
४. हंधाला आपल्याकडे तोंड वळवील तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय असेल? चित्र काढा किंवा चार ओळी लिहा.

मित्रांनो, चौथ्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही, त्यामुळे तो तपासताना गुण देऊ नका, फक्त वाचा. मुलांनी काढलेली गावाची चिन्हं शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा आणि प्रत्येक चिन्हाखाली काढणाऱ्या मुलाचं नाव त्याच्याच अक्षरात असू द्या.